निवांत रस्ता कोणाचा?

एखादी चांगली गोष्ट आपल्याला सांपडली असतां ती दुसऱ्याला सांगावी, हें कोणी न शिकवितांहि माणसाला कळतें. चांगलें पुस्तक हातीं आलें, हाताला गुण असलेला वैद्य भेटला, गोड्या पाण्याची विहीर लागली, तर तें चार माणसांना सांगितल्याशिवाय चैन पडत नाहीं. परंतु अशीहि एक चांगली गोष्ट आहे कीं, ती सांगतांना भल्या माणसाचीहि जीभ अडखळते. ती म्हणजे निवांत रस्ता. ज्याला असा रस्ता सांपडतो तो बहुधा त्याचें नांव मनांतच ठेवतो; कोणी विचारलेंच तर कांहीं तरी मोघम बोलून वेळ मारून नेतो. मींहि तसेंच केलें. तें योग्य होतें काय, एवढाच प्रश्न मला या लेखांत स्वतःला विचारावयाचा आहे. परंतु उत्तर शोधूं लागल्यावर तो प्रश्न वाटला होता तितका लहान राहिला नाहीं, म्हणून तो वाचकांपुढें ठेवण्याचें धाडस करीत आहें.

मी नवी मुंबईंत बेलापुरास राहतों. रविवारीं पहाटे सायकल घेऊन बाहेर पडण्याचा माझा कित्येक वर्षांचा परिपाठ आहे. वय पन्नाशीपलीकडे गेलेलें असल्यामुळें त्यांत शर्यतीचा किंवा विक्रमाचा भाग मुळींच नाहीं. पनवेल मागें टाकून सुकापुरावरून नेऱ्यास आलें कीं शहराचा शेवटचा लोंढा ओसरतो. नेऱ्यास कुष्ठरोग्यांची शुश्रूषा करणारें ‘शांतिवन’ आहे. तेथून पुढें वाजे, मालडुंगे, आणि अगदीं शेवटीं, माथेरानच्या पायथ्याशीं, धोदाणी. उजव्या हातास प्रबळगड व त्याला बिलगलेला कलावंतिणीचा सुळका, डाव्या हातास चंदेरीची रांग, समोर माथेरानचें पठार, आणि मधून वाहणारी गाढी नदी. याच नदीवर देहरंगचें धरण आहे. त्याचें पाणी पनवेलकर पितात.

या रस्त्यावर पाहण्यासारखें काय आहे असें कोणी विचारल्यास सांगण्यासारखें फार थोडें आहे. रस्ता अरुंद, कोठें कोठें खडबडीत; चढउतार आहेत, पण घाट म्हणावा असा एकहि नाहीं. आषाढांत दोन्ही बाजूंच्या खाचरांतून, गुडघाभर चिखलांत, लावणी चाललेली असते. कार्तिकांत भात झोडल्याचा वास येतो. पौषांत त्याच रानांत वालाच्या शेंगा भरतात, आणि आदल्या रात्रीं लावलेल्या पोपटीची राख बांधावर दिसते. फाल्गुनांत पळस फुलतो. चढावर आपला श्वास आपल्याला ऐकूं येतो, उतारावर साखळीची बारीक किरकिर. एवढेंच. परंतु ज्या शहरांत मी राहतों तेथें सहा दिवस माझ्या कानावर जें जें पडतें तें सारें माझ्याकडून कांहीं तरी मागत असतें: बाजूला हो, लवकर कर, विकत घे, उत्तर दे. या रस्त्यावर माझ्याकडे कोणी कांहीं मागत नाहीं. जॉन स्टुअर्ट मिल्लनें १८४८ सालीं अर्थशास्त्रावरील आपल्या मोठ्या ग्रंथांत, माणसाला सदासर्वकाळ माणसांच्याच गर्दीत राहावें लागणें हें त्याच्या हिताचें नव्हे, अशा अर्थाचें मत मांडलें आहे. संपत्तीचा विचार करावयास बसलेल्या पंडितालाहि एकांताविषयीं लिहावेंसें वाटलें, यावरून एकांत ही केवळ चैनीची बाब नव्हे असें म्हणावयास हरकत नाहीं.

गेल्या वर्षीं आमच्याच इमारतींतील एका तरुण शेजाऱ्यानें मला जिन्यांत गांठलें. त्याचे वडील दीर्घकाळ अंथरुणाला खिळलेले. रात्रीचें जागरण आणि दिवसाची नोकरी यांत तो पिचून गेलेला दिसत असे. त्यानें एक जुनी सायकल दुरुस्त करून घेतली होती. “काका, रविवारीं तुम्ही जातां कुठें? जिथें हॉर्न ऐकूं येत नाहीं अशी एखादी वाट मलाहि सांगा ना,” असें तो म्हणाला. मीं उत्तर दिलें, “असाच जातों रे, पाम बीच रस्त्यानें.” वाशीकडून बेलापुराकडे खाडीच्या कडेनें येणारा हा रुंद रस्ता सर्वांच्या माहितीचा आहे, आणि त्यावर मोटारी भरधांव धांवतात हेंहि सर्वांना ठाऊक आहे. तिसऱ्या आठवड्यांत तो पुन्हां भेटला व अगदीं सरळपणें म्हणाला, “काका, दोन रविवार तुम्हांला शोधलं, पण तुम्ही दिसलांच नाहीं.” त्याच्या बोलण्यांत संशयाचा लवलेशहि नव्हता. त्याच्या नजरेला नजर देणें मात्र त्या दिवशीं मला जमलें नाहीं.

खोटें बोललों तें वाईट केलें, याविषयीं वाद नाहीं. परंतु खोटें न बोलतां मी नुसता गप्प राहिलों असतों तर? त्या रात्रीं माझ्या मनानें माझी वकिली सुरू केली. तिचा युक्तिवाद असा होता: जगांतील चांगल्या वस्तू तीन प्रकारच्या असतात. विद्या दिल्यानें वाढते. भाकरी दिल्यानें निम्मी होते, पण निम्मी भाकरी ही भाकरीच असते. निवांतपणा मात्र वाटावयास घेतला कीं नाहींसा होतो. शंभरांत वाटलेला एकांत कोणाच्याच वांट्यास येत नाहीं. मग जी वस्तु दिल्यानें घेणाऱ्यालाहि मिळत नाहीं, ती न देण्यांत अपराध कोणता? आज एकाला सांगावें, त्यानें चौघांना सांगावें, त्यांतल्या एकानें छायाचित्रें चोहोंकडे पसरवावींत, आणि पुढच्या पावसाळ्यांत त्याच रस्त्यावर मोटारींची रांग व ओढ्याकांठीं बाटल्यांचा खच पडावा. ही भीति निव्वळ कल्पनेंतली नाहीं. आमच्या शेजारीं खारघरला पांडवकड्याचा धबधबा आहे. गर्दी व अपघात यांमुळें पावसाळ्यांत तिकडे जाण्यास बंदी घालण्याची पाळी वारंवार आलेली सर्वांनीं पाहिली आहे.

हा युक्तिवाद मला बरेच दिवस पुरला. त्यांत एक गोष्ट गृहीत धरलेली होती, ती मात्र माझ्या ध्यानांत आली नव्हती. तो रस्ता द्यावयाचा कीं राखावयाचा हें ठरविणारा मी, म्हणजे जणूं तो रस्ता माझाच होता.

भाद्रपदांतली गोष्ट. मालडुंग्याच्या वाटेवर, डोंगरांतील एका वाडीकडे जाणारी पाऊलवाट फुटते तेथें, मी पाणी प्यावयास थांबलों. एक म्हातारी ठाकरीण टोपलींत काकड्या घेऊन, गाडीची वाट पाहत, दगडावर बसली होती. “आजी, तुमच्याकडे किती शांत आहे हो,” मीं म्हटलें. शहरी माणसाचें हें ठराविक वाक्य. तिनें एकदां माझ्याकडे व एकदां सायकलीकडे पाहिलें. “तुमाला शांत,” ती म्हणाली. “आमची सून अडली तवा बी असंच शांत व्हतं. वाडीवरनं झोळी करून आणली हितवर. गाडी नाय, मानूस नाय.” मग पाहुण्याला टाकून बोललें गेलें असें तिला वाटलें असावें, टोपलींतली एक काकडी पुढें करून ती म्हणाली, “बस बाबा, खा.” सून वांचली काय हें विचारण्याचें मला धैर्य झालें नाहीं. तिनेंच सांगितलें: सून वांचली, पोर गेलें.

मीं काकडी खाल्ली. तिचे पैसे देऊं केले ते तिनें घेतले नाहींत. त्या दिवशीं पुढें धोदाणीपर्यंत न जातां मी तेथूनच परतलों.

ज्या एका शब्दावर माझा सारा युक्तिवाद उभा होता, त्या शब्दाचे दोन अर्थ आहेत हें मला त्या दगडापाशीं प्रथम कळलें. मी जी शांतता रविवारीं चार तास भोगतों ती तिला सातहि दिवस सोसावी लागते. माझ्या शांततेला परतीची वाट आहे. खिशांत दूरध्वनि आहे, साखळी तुटली तर दोन घटकांत मोटार घेऊन कोणी तरी येईल. तिच्या शांततेला अशी वाट नाहीं. रस्त्यावर वाहनें थोडीं, म्हणून मला तो आवडतो. आणि वाहनें थोडीं कां, तर तेथील माणसांपाशीं तीं घेण्यास पैसा नाहीं व त्यांच्याकडे फिरकण्याचें दुसऱ्यांना कारण नाहीं म्हणून. जी वस्तु मी शेजाऱ्यापासून लपवून ठेवीत होतों ती माझ्या मालकीची तर नव्हतीच. ती दुसऱ्या कोणाची तरी उणीव होती, आणि मी तिला माझा आनंद समजत होतों.

या उणिवेची पराकाष्ठा काय होऊं शकते हें आम्हांला दूर जाऊन पाहावयास नको. प्रबळगडाच्या पलीकडे खालापूर तालुक्यांत इर्शाळगड आहे. त्याच्या कुशींत इर्शाळवाडी नांवाची ठाकरांची वस्ती होती. १९ जुलै २०२३ च्या रात्रीं मुसळधार पावसांत तिच्यावर दरड कोसळली. वाडीपर्यंत गाडीरस्ता नव्हता. मदतीस धांवलेल्या माणसांना अंधारांत व पावसांत चिखलाची वाट पायीं चढावी लागली. माती उपसणारीं अवजड यंत्रें वर नेतां येईनात, तेव्हां माणसांनीं कुदळफावड्यांनीं माती उकरली. सत्तावीस मृतदेह हातीं लागले. सत्तावन्न माणसें सांपडलींच नाहींत. रस्ता असता तर दरड कोसळली नसती असें कोणी म्हणणार नाहीं. किंबहुना डोंगर कापून केलेले रस्तेहि कधीं कधीं दरडी सैल करतात. तथापि त्या वाडीला आदल्या दिवसापर्यंत भेट देणारा कोणीहि शहरी प्रवासी ‘किती शांत जागा!’ असेंच म्हणून परतला असता, आणि त्यानें मनोमन ती तशीच राहावी असें इच्छिलें असतें. त्या इच्छेंत दुष्टपणा नसता. पण इच्छा निष्पाप असली म्हणून तिची किंमत दुसरा कोणी मोजीत नाहीं असें नव्हे.

आणखी एक गोष्ट याच ओघांत मला स्वतःविषयीं कबूल करावी लागली. मी ज्या घरांतून पहाटे निघतों त्या घराच्या जागींहि एके काळीं असाच निवांतपणा होता. १७ मार्च १९७० रोजीं सिडकोची स्थापना झाली, आणि ठाणें, पनवेल व उरण या तालुक्यांतील ९५ गांवांच्या जमिनी नव्या शहरासाठीं घेण्याचें काम सुरू झालें. भाताचीं खाचरें, मिठागरें, खाडीवरची मासेमारी यांवर जगणाऱ्या आगरी व कोळी कुटुंबांनीं आपल्या जमिनींच्या योग्य मोबदल्यासाठीं दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखालीं मोठा लढा दिला. १६ व १७ जानेवारी १९८४ रोजीं जासईच्या परिसरांत झालेल्या गोळीबारांत पांच आंदोलक प्राणांस मुकले. त्यानंतर घेतलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के इतकी विकसित जमीन मूळ मालकांस परत देण्याचें तत्त्व मान्य झालें. त्या शहरांत मीं मागाहून येऊन घर घेतलें, आणि आतां मी म्हणतों कीं शहर येथेंच थांबावें, नेऱ्याच्या पुढें सरकूं नये! लोकलच्या डब्यांत कसाबसा शिरलेला उतारू पुढच्या स्थानकावर दार अडवून उभा राहतो, त्याची व माझी जात एकच.

येथवर आल्यावर मनाचा लंबक दुसऱ्या टोंकास जाऊं पाहतो. निवांत रस्त्याची आवड ही खाऊन पिऊन सुखी असलेल्यांची लहर आहे. ती सोडून द्यावी. रस्ते रुंद व्हावेत, मोटारी वाढाव्यात, डोंगरापर्यंत शहर जावें, आणि त्यांतच त्या म्हातारीचें कल्याण आहे, असा निष्कर्ष काढून मोकळें व्हावें असें वाटूं लागतें. पश्चात्तापाच्या भरांत माणूस पुष्कळदां असा उतावळा निष्कर्ष काढतो. मींहि तो कांहीं दिवस बाळगला. पुढें तोहि मला टिकाऊ वाटला नाहीं.

त्याचें कारण असें. नवी मुंबईचा विमानतळ उभारण्यासाठीं उलव्याची टेकडी कापली गेली, कित्येक वस्त्या हलविण्यांत आल्या, आणि ८ ऑक्टोबर २०२५ रोजीं त्याचें उद्घाटन झालें. त्याच्या भोंवतालच्या पनवेल तालुक्यांतील गांवांसाठीं नव्या नगररचनेच्या योजना आंखल्या गेल्या आहेत. जमिनीच्या खरेदीविक्रीचे फलक माझ्या रस्त्यावरहि दिसूं लागले आहेत. रस्ते रुंद होतीलच. पण रुंद रस्ता त्या म्हातारीच्या दगडापाशीं थांबेल काय? भरधांव रस्त्याचा धर्मच मुळीं मधल्या माणसांपाशीं न थांबण्याचा असतो. आज तिला गाडीसाठीं ताटकळावें लागतें. उद्यां कदाचित् रस्त्याच्या पलीकडे जाण्यासाठीं ताटकळावें लागेल. तिची मागणी नीट ऐकली तर ती फार नेमकी आहे. वाडीपर्यंत चाकें पोंचतील एवढा रस्ता, दिवसांतून चार वेळां येणारी व तिच्यासाठीं थांबणारी गाडी, आणि अडल्यावेळीं दवाखाना गांठण्याची सोय. यांतील एकाहि गोष्टीनें माझ्या रविवारच्या निवांतपणाचा भंग होत नाहीं. जी गाडी ठिकठिकाणीं थांबते ती सावकाशच जाते. मी आणि ती म्हातारी परस्परांचे प्रतिपक्षी आहोंत असें मीं घाईनें धरून चाललों होतों. वस्तुतः त्या रस्त्यावर सावकाश चालणारें वाहन आम्हां दोघांनाहि हवें आहे.

तेव्हां खरा भेद शांतता आणि सोय यांमधला नसून, शांततेच्याच दोन जातींमधला आहे. एक शांतता कशाच्या तरी अभावानें आपोआप पडते. दुसरी माणसें आपसांत ठरवून राखतात. पहिली गरिबीची सावली आहे. तिची अपेक्षा करणें म्हणजे न कळत दुसऱ्याच्या गरिबीची अपेक्षा करणें. दुसरी मर्यादा पाळल्यानें येते, आणि तिची अपेक्षा करण्याचा प्रत्येकास अधिकार आहे.

अर्थात् ठरवून राखलेल्या शांततेंतहि अन्याय दडूं शकतो. धोदाणीच्या डोक्यावरच त्याचें उदाहरण आहे. १८५० सालीं ठाण्याचे कलेक्टर मॅलेट यांनीं माथेरानचा डोंगर पाहिला व पुढें तेथें थंड हवेचें ठिकाण वसलें. १९०७ सालीं नेरळहून छोटी आगगाडी वर गेली. मोटारींना मात्र गांवांत मज्जाव राहिला, आणि म्हणून माथेरानच्या लाल मातीच्या रस्त्यांवर आजहि पाखरांचे आवाज ऐकूं येतात. परंतु या मज्जावाचा भार कोणीं वाहिला? वर्षानुवर्षें तेथें माणसानें माणसाला हातरिक्षांत बसवून ओढलें. ऑगस्ट २०२५ मध्यें सर्वोच्च न्यायालयानें ही प्रथा सहा महिन्यांत बंद करून तिच्या जागीं विजेवर चालणाऱ्या रिक्षा आणण्याचा आदेश दिला. म्हणजे मोटार दूर ठेवण्याचा नियम चांगला होता, पण त्याचें ओझें कांहीं थोड्या माणसांच्या खांद्यांवर ठेवून बाकीचे त्या शांततेचा उपभोग घेत होते. शांतता पाहावयाची तर तिच्याखालीं कोणाचा खांदा आहे हेंहि पाहिलें पाहिजे.

याच्या उलट दाखला मला माझ्या पुतण्याच्या पत्रांतून मिळाला. तो बेल्जममध्यें घेंट शहरीं नोकरीस आहे आणि सुटीच्या दिवशीं फ्लँडर्सच्या टेकड्यांतून सायकलीनें हिंडतो. त्या टेकड्या उंचीनें फार लहान, समुद्रसपाटीपासून दीडशे मीटरांच्या आंतबाहेर. पण त्यांवरील दगडी फरशीचे अरुंद चढ इतके उभे आहेत कीं, १९१३ पासून चालत आलेल्या फ्लँडर्सच्या प्रख्यात शर्यतींत कोपेनबर्गसारख्या चढावर नाणावलेले स्वारहि कधीं कधीं खालीं उतरून चालूं लागतात. मला वाटलें होतें, असे निवांत रस्ते तेथें उरले ते वस्ती विरळ म्हणून. खरी गोष्ट अगदीं उलट आहे. २०११ च्या शिरगणतींत महाराष्ट्राची वस्ती दर चौरस किलोमीटरास ३६५ होती. फ्लँडर्सची पांचशेंच्या घरांत आहे. म्हणजे आमच्यापेक्षां दाट वस्तींत त्यांनीं निवांत रस्ते राखले आहेत. कसे राखले? शेतांतून जाणाऱ्या पुष्कळशा रस्त्यांवर तेथील रहिवासी व शेतकरी यांच्याखेरीज इतरांच्या मोटारींना मनाई केली; धांवत्या वाहतुकीस दुसरे रस्ते दिले. आणि १९९५ पासून, लिंबर्ग प्रांतांत, कोळशाच्या खाणींत काम केलेल्या एका अभियंत्याच्या कल्पनेनुसार, जेथें जेथें असे रस्ते परस्परांस मिळतात त्या प्रत्येक नाक्याला एक आंकडा देण्यास सुरुवात झाली. प्रवाशानें चारसहा आंकडे कागदावर लिहून घ्यावे आणि पाटी पाहत जावें. हळू हळू ही योजना साऱ्या फ्लँडर्सभर पसरली.

या आंकड्यांचा विचार मी बरेच दिवस करीत राहिलों. माझा युक्तिवाद होता कीं निवांत रस्ता सांगितला कीं संपतो. तेथें तर शेंकडों निवांत रस्ते नकाशावर छापून सर्वांना सांगितले आहेत, आणि ते संपलेले नाहींत. एकच रस्ता गुपित असेल तर तो फुटल्या दिवशीं सारी गर्दी त्याच्यावर तुटून पडते. अनेक रस्ते सर्वांना ठाऊक असतील तर माणसें पांगतात. तेव्हां एकांत वाटतां येत नाहीं हें माझें सूत्र अर्धवट होतें. एकच एकांत वाटतां येत नाहीं हें खरें. पण पुष्कळ एकांत निर्माण करतां येतात, आणि ते एकेकट्यानें लपवून निर्माण होत नाहींत. तें काम दहाजणांनीं मिळून, उघडपणें, करावें लागतें. फ्लँडर्समध्यें सारेंच गोमटें आहे असें मला सुचवावयाचें नाहीं. परंतु तेथील शेतकऱ्याच्या सुनेला झोळींतून न्यावें लागत नाहीं, आणि तरीहि त्याच्या दारावरचा रस्ता निवांत आहे, एवढी एक गोष्ट माझ्या प्रश्नापुरती पुरेशी आहे.

कँटनें १७९५ सालीं शाश्वत शांततेवर जो निबंध लिहिला त्यांत एक कसोटी सांगितली आहे. तिचा आशय असा: ज्या वागणुकीचा दुसऱ्यांच्या हक्कांशीं संबंध येतो, तिचा हेतु जर उघड करण्यासारखा नसेल, तर ती वागणूक अन्यायाची समजावी. त्याच्या डोळ्यांपुढें राष्ट्रांमधली शांतता होती, रविवारच्या सायकलस्वाराची नव्हे. तथापि ती कसोटी मला तंतोतंत लागू पडली. मी माझ्या शेजाऱ्याला उघड सांगूं शकलों असतों काय, कीं, ‘तुला विसाव्याची गरज माझ्याहून अधिक आहे, पण तूं आलास तर माझा विसावा उणा होईल म्हणून मी सांगत नाहीं’? मी त्या म्हातारीला सांगूं शकलों असतों काय, कीं, ‘आजी, तुमच्या वाडीला रस्ता होऊं नये, कारण मला येथें बरें वाटतें’? दोन्ही वाक्यें तोंडांतून निघालीं नसतीं. जी गोष्ट त्यांच्या समोर बोलतां येत नव्हती तिच्यावर मी माझे कित्येक रविवार उभारले होते.

म्हणून माझ्यापुरता मीं एक नियम केला आहे; तो इतरांनीं घ्यावा असा आग्रह नाहीं. ज्या शांततेची मागणी मला त्या रस्त्यावरच्या माणसासमोर उभें राहून करतां येईल, तेवढीच मागावी. ‘येथून मोटारी भरधांव जाऊं नयेत, ओढ्यांत कचरा पडूं नये, तुमच्या संमतीशिवाय डोंगर कापला जाऊं नये’ असें मी म्हाताऱ्या आजीसमोर म्हणूं शकतों. तिच्या वाडीला गाडी पोंचली पाहिजे या मागणीवर सहीहि करूं शकतों. याच्या पलीकडे तो रस्ता कसा असावा हें ठरविण्याचा पहिला अधिकार तेथें राहणाऱ्यांचा आहे. त्यांनीं उद्यां असें ठरविलें कीं आम्हांला येथें दुकानें, वर्दळ आणि दिवे हवेत, तर मला वाईट वाटेल. पण माझें वाईट वाटणें हें त्यांच्या निर्णयाविरुद्धचें प्रमाण होऊं शकत नाहीं.

गेल्या मार्गशीर्षांत एका संध्याकाळीं मीं शेजाऱ्याचें दार वाजविलें. आंत त्याच्या वडिलांच्या खोकल्याचा आवाज येत होता. पाम बीचविषयीं मी खोटें बोललों होतों, हें मीं त्याला सांगितलें, आणि कां तेंहि सांगितलें. तो थोडा वेळ कांहीं बोलला नाहीं. त्याला राग आला असावा, आणि तो योग्यच होता. मग त्यानें विचारलें, “या रविवारीं नेतां का? आई घरीं आहे.”

आम्ही पहाटे निघालों. वाटेंत तो फार बोलला; माझ्या नेहमीच्या एकांताचा त्या दिवशीं पुरता बोजवारा उडाला हें कबूल केलें पाहिजे. पाऊलवाटेच्या फांट्यापाशीं दगडावर कोणी नव्हतें. थोड्या वेळानें पनवेलची गाडी आली. आम्ही सायकली घेऊन कडेला मातींत उभे राहिलों व ती जाऊं दिली. धरणापाशीं पोंचल्यावर तो आंब्याच्या झाडाखालीं टेंकला आणि बोलतां बोलतांच त्याला झोंप लागली. रात्रभराचें जागरण होतें. ऊन अंगावर येईपर्यंत मीं त्याला उठविलें नाहीं.